नाताळला घरी जायचंय. चर्चमध्ये कुठल्या बाजूला बसू?

हन्ना_कन्हानकाठची | ३० ऑक्टोबर २०२३, रात्री ९.४०

सर्वांना नमस्कार, ख्रिस्ती वाचकांना सलाम.

इतके दिवस इथे नुसती वाचत होते. नाताळ दोन महिन्यांवर आलाय आणि एका गोष्टीवर सल्ला हवाय, म्हणून लिहितेय. आधी थोडी पार्श्वभूमी सांगते, नाहीतर प्रश्न नीट कळायचा नाही.

मी ट्रान्स स्त्री आहे. वय चौतीस, नागपुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी. माहेर सौंसरच्या बाजूला; तो भाग आधी छिंदवाडा जिल्ह्यात होता, आता पांढुर्ण्यात. राज्य मध्य प्रदेश, पण आमच्या घरात मराठीच. घराणं पिढ्यान्‌पिढ्यांचं लुथरन, म्हणजे मार्टिन लुथरच्या प्रोटेस्टंट पंथाचं. महाराष्ट्रात ख्रिस्ती म्हटलं की लोकांना वसईचे कॅथलिक आठवतात, फार तर नगरकडचे प्रोटेस्टंट. आमच्याकडे १८७७ साली स्वीडनचे मिशनरी आले आणि नरसिंहपूर, सागर, छिंदवाडा, बैतूल असं त्यांचं काम पसरत गेलं. बैतूलजवळचं पाढरचं इस्पितळ त्याच मंडळीचं (आम्ही चर्चला मंडळी म्हणतो), माझा जन्म तिथलाच. चर्चमध्ये उपासना हिंदीत व्हायची आणि घरी आजीची प्रार्थना मराठीत, त्यामुळे देवाशी दोन्ही भाषांत बोलायची सवय लहानपणापासून आहे.

बाबा निवृत्त शिक्षक, मंडळीच्या समितीचे चिटणीस. रात्री जेवणं झाली की शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक अध्याय, मग प्रार्थना आणि मगच अंथरुणं. कोणाला ताप असला तरी यात खंड नाही. लुथरने १५२९ मध्ये छोटा कॅटेकिझम (श्रद्धेची प्रश्नोत्तरं) लिहिला तोच मुळी घरच्या कर्त्या माणसाने पोराबाळांना शिकवावा म्हणून, आणि बाबांनी तो आम्हाला तसाच शिकवला. दहा आज्ञा, विश्वासाची कबुली, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, प्रभुभोजन. प्रत्येक भागानंतर प्रश्न यायचा, 'याचा अर्थ काय?' बाबा छडी टेबलावर ठेवून विचारायचे. मारायचे नाहीत, नुसती ठेवायचे.

पंधराव्या वर्षी दृढीकरण झालं, म्हणजे सगळ्यांसमोर स्वतः विश्वास कबूल करायचा विधी. मुलं पांढऱ्या शर्टात एका रांगेत, मुली डोक्यावर पांढऱ्या ओढण्या घेऊन दुसऱ्या रांगेत. समोर माझी आत्येबहीण उभी होती. तिची ओढणी सारखी घसरायची आणि ती एका हाताने सावरत उत्तरं म्हणायची. माझं सगळं लक्ष त्या हाताकडे. माझी पाळी आली तेव्हा मला विश्वासाच्या कबुलीतल्या पहिल्या कलमाचा अर्थ विचारला. देवाने मला घडवलं, शरीर आणि आत्मा दिला, डोळे, कान, सगळे अवयव, बुद्धी आणि सर्व इंद्रियं दिली, आणि तो अजूनही हे सगळं सांभाळतो. एक शब्द न चुकता म्हटलं. मग पहिल्यांदा प्रभुभोजन घेतलं. वेफर टाळूला चिकटली आणि द्राक्षारसाने सुटेपर्यंत मी श्वास धरून होते. त्या दिवशी मला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या: ख्रिस्त माझ्यासाठी मेला हे, आणि मी चुकीच्या रांगेत उभी आहे हे. आजही दोन्ही तितक्याच पक्क्या आहेत.

घरी सांगितलं ते नोकरी लागल्यावर. कोणी हाकललं नाही, मारलं नाही. बाबा एवढंच म्हणाले, 'देवाने दिलेलं शरीर आहे ते.' म्हणजे पुन्हा तेच पहिलं कलम. मी म्हटलं, 'बाबा, आत्मा आणि बुद्धीसुद्धा त्याच वाक्यात आहेत.' ते उठून अंगणात गेले. तेव्हापासून आईशी फोनवर बोलणं होतं, पण दर नाताळला माझ्या न येण्याचं काहीतरी कारण निघतं. कधी पाहुणे असतात, कधी रंगकाम.

यंदा आईचा फोन आला, 'या नाताळाले येजो. बाबाच म्हणून राह्यले.'

म्हणजे जायचं हे नक्की. प्रश्न चर्चचा आहे. आमच्याकडे पुरुष डावीकडे बसतात आणि बाया उजवीकडे. प्रभुभोजनालाही पुरुष आधी उठतात, बाया नंतर. सगळं गाव मला ओळखतं. मी साडीत जाणार. पुरुषांच्या बाजूला मी बसणार नाही. बायांच्या बाजूला बसले आणि कोणी उठवलं, तर बाबांच्या देखत तो तमाशा होईल. शेवटच्या बाकावर, दाराशी बसू का? की घरीच थांबू?

एक विनंती. 'असला धर्मच सोडून दे' असं कृपया सांगू नका. फार जणांनी सांगून झालंय आणि त्यांना माझी काळजी आहे हे मला कळतं. पण केवळ कृपेने तारण होतं, आपल्या लायकीने नाही, हे मला या घराने आणि या मंडळीने शिकवलं. कॉलेजच्या वर्षांत जीव द्यावासा वाटायचा तेव्हा त्याच एका गोष्टीने धरून ठेवलं. ते मी टाकणार नाही, आणि बाई असणंही टाकणार नाही.

शमा_कोथरूड | ३० ऑक्टोबर, रात्री १०.१५

हन्ना, मीही ट्रान्स, पण माझी वाट वेगळी. सोळाव्या वर्षी घर सुटलं, गुरूने आसरा दिला, डेऱ्यात वाढले. देवाधर्माचं मला तुझ्याएवढं कळत नाही. यल्लम्माला जाते, बास.

मी एवढंच सांगेन की बोलावणं आलंय तर जा. माझ्या आईचं बोलावणं आलं तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती आणि मला ओळखत नव्हती. दाराशी मात्र बसू नकोस. दाराशी बसलेल्या माणसाला बाहेर काढायला कोणाला कष्ट पडत नाहीत. मधे बस, दोन बायांच्या मधे.

सुलभा_मावशी | ३० ऑक्टोबर, रात्री १०.५२

वाचतेय. शमाशी सहमत. तुझ्या बाजूने बसेल अशी एखादी बाई आहे का गावात? आत्या, काकू, कोणीही. तिला आधी फोन कर.

बेरियाकर | ३१ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

ताईंना दुखवायचा हेतू नाही. पण शास्त्र काय म्हणतं ते कोणीतरी सांगायला हवं. उत्पत्ती १:२७ मध्ये नर आणि नारी अशीच निर्मिती आहे. अनुवाद या पुस्तकात २२:५ मध्ये पुरुषाने बाईची वस्त्रं घालू नयेत अशी स्पष्ट आज्ञा आहे. चौथी आज्ञा आईबापांचा मान राखायला सांगते. आम्ही तुमच्यावर प्रीती करतो, पण प्रीती म्हणजे होकार नव्हे. मंडळीतल्या लहान मुलांनी काय समजावं? आज लुथरच्या धर्मसुधारणेच्या आठवणीचा सुधारणा दिन आहे, लुथरने 'केवळ शास्त्र' म्हटलं ते विसरू नये.

हन्ना_कन्हानकाठची | ३१ ऑक्टोबर, दुपारी १.३०

@बेरियाकर, तुम्ही टाळलं नाहीत, सरळ बोललात, याबद्दल आभार. मीही सरळ बोलते.

उत्पत्ती १:२७ माझ्याविरुद्ध आहे असं मला कधी वाटलं नाही. त्याच अध्यायात दिवस आणि रात्र वेगळी केली आहेत, पाणी आणि कोरडी जमीनही. म्हणून पहाट देवाची नाही असं कोणी म्हणत नाही. अनुवाद २२:५ चं म्हणाल तर मी कोणाला फसवायला साडी नेसत नाही. शर्ट-पँट घालून मुलांच्या रांगेत उभी होते, खोटं ते होतं. आणि त्याच अध्यायात लोकर आणि ताग एकत्र विणलेलं वस्त्र घालू नको अशीही आज्ञा आहे. ती आपण ख्रिस्ती म्हणून कशी वाचतो हे तुम्हाला माहीत आहे.

नियमशास्त्र माणसाला त्याचं पाप दाखवतं आणि सुवार्ता त्याला क्षमा देते, ही आमची पहिली शिकवण. माझं पाप मला दिसतं. रोज रात्री कबूल करते: राग, मत्सर, माझ्यापेक्षा वाईट हाल असलेल्यांना विसरणं. बाई असणं हे त्या यादीत नाही. ते मनापासून तपासूनच बोलतेय, शिकवणाऱ्याने तपासायला शिकवलं होतं.

आईबापांचा मान मी राखते. खोटं बोलून त्यांच्यासमोर वावरणं हा मान असता, तर गोष्ट सोपी होती. आणि आठव्या आज्ञेचा अर्थही आपण पाठ केला आहे: शेजाऱ्याची निंदा करू नये, त्याची बाजू सांभाळावी, त्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावावा. मुलांनी काय समजावं असं विचारलंत. हे समजावं.

मानसी_मिनेसोटा | ३१ ऑक्टोबर, रात्री ११.२०

आमच्या इथे कोपऱ्याकोपऱ्यावर लुथरन चर्च आहे, म्हणून लिहायचा मोह झाला. मी स्वतः ख्रिस्ती नाही, पण माझ्या शेजारणीबरोबर अनेकदा जाते.

लुथरन म्हणजे सगळे एकाच मताचे नाहीत. इथलं मोठं संघटन ईएलसीए (इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका). त्याच्या महासभेने २००९ साली इथेच मिनियापोलिसमध्ये ठराव केला की समलिंगी जोडीदाराशी एकनिष्ठ राहणाऱ्यांना पाळक (पाद्री) होता येईल. त्यावरून कितीतरी मंडळ्या बाहेर पडल्या. २०२१ मध्ये मेगन रोरर ही उघडपणे ट्रान्स असलेली व्यक्ती कॅलिफोर्नियातल्या सिएरा पॅसिफिक सिनडची (चर्चच्या प्रादेशिक विभागाची) बिशप म्हणून निवडून आली, ईएलसीएत ते पहिल्यांदाच घडलं. पुढच्याच वर्षी त्यांना राजीनामा द्यावा लागला. एका लॅटिनो मंडळीच्या पाळकाला ज्या पद्धतीने काढलं त्यावरून तो वाद होता, ट्रान्स असण्यावरून नव्हे. हे मुद्दाम लिहिलं, कारण अर्धीच गोष्ट फिरते. याउलट मिझुरी सिनड हे दुसरं मोठं लुथरन संघटन ट्रान्स ओळख मान्यच करत नाही. भारतात इंडिया इव्हँजेलिकल लुथरन चर्च उभं राहिलं ते मिझुरीवाल्यांच्या कामातून.

तुझी मंडळी स्वीडिश मुळाची आहे ना? तिथे काय परिस्थिती?

हन्ना_कन्हानकाठची | १ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

@मानसी, स्वीडनने १९७२ मध्येच कायद्याने लिंगबदल मान्य केला, जगात सर्वांत आधी. पण त्यासाठी नसबंदीची अट होती आणि ती २०१३ पर्यंत चालली. चांगल्या कायद्याच्या पोटात एवढी क्रूर अट चाळीस वर्षं राहिली. ज्यांनी ती सोसली त्यांना सरकारने नंतर भरपाई दिली. चर्च ऑफ स्वीडन २००९ पासून समलिंगी जोडप्यांची लग्नं लावतं. आमच्या गावात यातलं काही पोचलेलं नाही. आमच्याकडे स्वीडन म्हणजे भिंतीवरचे जुन्या मिशनऱ्यांचे फोटो.

@सुलभा_मावशी, आत्या आहे. आज फोन करते.

नगरचे_पाळकबुवा | १ नोव्हेंबर, सायंकाळी ६.४५

मी निवृत्त पाळक. आमची मंडळी वेगळी, तुम्ही जिला चौथी आज्ञा म्हणता ती आमच्या क्रमाने पाचवी. पण सेमिनरीत लुथर कसून वाचला होता, तेवढ्या हक्काने लिहितो.

मुली, तुझ्या प्रश्नाचं उत्तर ऑग्सबर्गच्या विश्वासकबुलीत, म्हणजे लुथरनांच्या मूळ जाहीरनाम्यात आहे. साल १५३०, सातवं कलम. मंडळी कशाने होते? सुवार्ता शुद्ध सांगितली जाते आणि संस्कार (बाप्तिस्मा, प्रभुभोजन) नीट दिले जातात, एवढ्याने. माणसांनी घातलेल्या रूढी आणि रीती सगळीकडे सारख्या असण्याची गरज नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. पुरुष डावीकडे आणि स्त्रिया उजवीकडे ही माणसांची रीत आहे. चांगली रीत असेल, जुनी असेल, पण तिच्यावरून कोणाला प्रभूच्या मेजापासून दूर ठेवता येत नाही.

दुसरं. अनुवाद २३:१ मध्ये ज्यांना प्रभूच्या मंडळीत येऊ देऊ नये म्हटलं, त्याच षंढांना यशया ५६ मध्ये देव आपल्या घरात पुत्र आणि कन्या यांच्याहून उत्तम असं नाव देण्याचं वचन देतो. आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या ८व्या अध्यायात फिलिप्प रथात चढून बसतो तो कोणाशेजारी? बाप्तिस्म्याला काय हरकत आहे, असं तो कूशी (इथियोपियाचा) षंढ अधिकारी विचारतो आणि फिलिप्प रथातून उतरून त्याच्याबरोबर पाण्यात जातो. अडीच हजार वर्षांपूर्वीचे ते षंढ आणि तू एकच, असं मी म्हणत नाही. पण शास्त्राची दिशा आत घेण्याकडे आहे.

माझ्या स्वतःच्या मनात या विषयावर अजून बरंच घोळतं आहे. प्रभुभोजनाबद्दल मात्र काही घोळत नाही. तुमच्या पाळकांना आधी भेट, एकटी भेट. नागपुरातच सिव्हिल लाइन्समध्ये राष्ट्रीय ख्रिस्ती मंडळी परिषदेचं मुख्यालय आहे. तिथे लैंगिक विविधतेच्या विषयावर काम झालेलं आहे, अभ्यासाचं साहित्यही आहे. ते पाळकांसाठी घेऊन जा. पाळकांनाही कोणीतरी हातात कागद दिलेला बरा वाटतो.

नवजीवन_संगती | २ नोव्हेंबर, सकाळी १०.०२

बहीण, आमच्या संगतीत ये. नव्या नावाने पुन्हा बाप्तिस्मा घे, नवी सुरुवात कर.

हन्ना_कन्हानकाठची | २ नोव्हेंबर, रात्री ९.००

@नवजीवन_संगती, बोलावल्याबद्दल मनापासून आभार. पण आम्ही बाप्तिस्मा दोनदा घेत नाही. मी महिन्याभराची असताना माझ्या डोक्यावर पाणी पडलं ते पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. काम त्या नावाने केलं, माझ्या नावाने नाही. लुथर मोहाच्या वेळी 'माझा बाप्तिस्मा झालेला आहे' हे स्वतःला बजावायचा असं आम्हाला शिकवलंय. मीही बजावते. मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या वहीत कुठलं नाव आहे हा वेगळा प्रश्न, आणि तो मला सोडवायचा आहे.

@पाळकबुवा, तुमचा प्रतिसाद वाचून खूप वेळ रडले. हन्ना हे नाव मी १ शमुवेलच्या पहिल्या अध्यायावरून घेतलं. ती मंदिरात प्रार्थना करत होती आणि एली याजकाला वाटलं ही प्यालेली आहे. तिने त्याला तिथेच उत्तर दिलं, आदराने आणि स्पष्ट. मग त्यानेच तिला आशीर्वाद दिला.

आत्याशी बोलले. आधी गप्प झाली, मग म्हणाली, 'मायाजवळ बसजो. पाहू कोण उठवते तर.'

अ‍ॅड_वऱ्हाडकर | ३ नोव्हेंबर, दुपारी ४.१५

कायद्याचं थोडक्यात. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाचा कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू आहे. कलम ६ खाली जिल्हा दंडाधिकारी ओळखीचं प्रमाणपत्र देतात. ते असेल तर कलम ७(३) प्रमाणे जन्मदाखल्यातलं आणि इतर अधिकृत ओळखपत्रांतलं पहिलं नाव बदलून मिळतं. कलम १२ नुसार आईवडील राहतात त्या घरात राहण्याचा हक्क आहे, त्यातून वगळता येत नाही. हन्नाताईंवर तशी वेळ नाही, पण वाचणाऱ्या कोणावर असेल म्हणून लिहिलं.

बाप्तिस्म्याची वही हा मंडळीचा स्वतःचा दस्तऐवज. माझ्या मते तिथे हट्टाने खाडाखोड मागू नका. मूळ नोंद तशीच ठेवून समासात नव्या नावाची तारखेसह नोंद मागा, सोबत प्रमाणपत्राची प्रत जोडा. समितीला 'हो' म्हणणं सोपं जाईल.

अवांतर: सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबरला समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली, त्या निकालाने बरेच जण निराश आहेत. त्यातही ट्रान्स स्त्रीला पुरुषाशी सध्याच्या कायद्यांखाली लग्न करता येतं हे मान्य केलं आहे. सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढतो.

सुलभा_मावशी | १९ डिसेंबर, रात्री ८.३०

हन्ना, कधी निघतेस? पाळकांना भेटलीस का?

हन्ना_कन्हानकाठची | २० डिसेंबर, सकाळी ७.४०

भेटले. तरुण आहेत, दोन वर्षांपूर्वीच आलेत. परिषदेतून आणलेलं पुस्तक दिलं. त्यांनी ठेवून घेतलं, वाचतो म्हणाले. प्रभुभोजनाचं विचारलं तर म्हणाले, तुमचं दृढीकरण झालंय, पश्चात्तापाने आणि विश्वासाने येणाऱ्याला मी परत पाठवत नाही. बसण्याबद्दल काहीच बोलले नाहीत. परवा निघतेय.

हन्ना_कन्हानकाठची | २८ डिसेंबर, रात्री ९.५५

परत आले. सगळ्यांनी इतक्या आस्थेने लिहिलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

पंचवीस तारखेला आत्या आणि तिच्या सुनेच्या मधे बसले, उजवीकडे, चौथ्या बाकावर. पुढच्या बाकावरची एक बाई उठून मागे गेली. बाकीच्या बसून राहिल्या. एकीने गीतांचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं, बहुतेक नेहमीच्या सवयीने. बायांची पाळी आली तेव्हा उठले, गुडघे टेकले, हात पुढे केला. पाळकांनी इतरांना दिली तशीच वेफर दिली, तेच शब्द म्हणाले. बाहेर आल्यावर दोघातिघांनी हात मिळवला, काहींनी तोंड फिरवलं. एका काकांनी बाबांना ऐकू जाईल असं काहीतरी म्हटलं. ते इथे लिहीत नाही. बाबा त्यांच्याशी बोलले नाहीत, थांबलेही नाहीत.

बाबा माझ्याशीही फारसे बोलले नाहीत. नावाने हाक अजून मारलेली नाही. आई मारते, अडखळत. सव्वीसला रात्री अध्याय आणि प्रार्थना झाल्यावर बाबा म्हणाले, ते कलेक्टरचं प्रमाणपत्र दाखव. चष्मा लावून दोन्ही बाजू वाचली. शिक्का नीट उमटला नाही म्हणाले. मग कपाटातून घरच्या कागदपत्रांची फाइल काढली, ज्यात आमचे सगळ्यांचे दाखले असतात. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन प्रमाणपत्राच्या तीन प्रती काढून आणल्या, एक फाइलमध्ये लावली, दोन मला दिल्या आणि मूळ प्रत प्लॅस्टिकमध्ये घालून ठेव म्हणाले. वहीतल्या नोंदीचा विषय मी काढला नव्हता. त्यांनीच विचारलं, समितीला अर्ज देणार आहेस का? द्यायचा तर बैठकीआधी आठ दिवस दे, ऐनवेळी आलेले विषय घेत नाही. माझ्या नोंदीचं पान आणि अनुक्रमांक त्यांनी चिठ्ठीवर लिहून ठेवला होता.

ते त्या अर्जाच्या बाजूने बोलतील का, मला माहीत नाही. विचारलं नाही.

@अ‍ॅड_वऱ्हाडकर, समासातल्या नोंदीसाठी अर्जाचा मसुदा द्याल का? अर्ज हिंदीत द्यायचा आहे, पण मराठीत दिलात तरी मी करून घेईन.

अ‍ॅड_वऱ्हाडकर | २९ डिसेंबर, सकाळी ११.००

व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे. एक पानाच्या आत ठेवा. 'हक्क' हा शब्द एकदाही वापरलेला नाही, 'विनंती' आहे. कलमं फक्त तळाशी.

बेरियाकर | २९ डिसेंबर, रात्री १०.१०

माझं मत बदललेलं नाही. पण तुमचा ३१ ऑक्टोबरचा प्रतिसाद मी आमच्या अभ्यासगटात वाचून दाखवला. आठव्या आज्ञेवर चर्चा झाली, बराच वेळ. तुमच्यासाठी आणि तुमच्या वडिलांसाठी प्रार्थना करतो.

हन्ना_कन्हानकाठची | २९ डिसेंबर, रात्री १०.३५

@बेरियाकर, करा. त्यांच्यासाठी आधी करा, त्यांना समितीत सगळ्यांसमोर बसायचं आहे.

अनामिका_चंद्रपूर | ३० डिसेंबर, दुपारी १२.२०

पूर्ण धागा एका बैठकीत वाचला. माझी धाकटी बहीण (मला आत्ता कुठे असं म्हणता येतंय) एकोणीस वर्षांची आहे. आम्ही मेथडिस्ट. आई सारखी रडते आणि पास्टरना बोलावते. बहिणीने चर्चला यायचं बंद केलंय. तिला तुमच्याशी बोलायचं आहे, पण ती लाजते. तुम्हाला चालेल का?

हन्ना_कन्हानकाठची | ३० डिसेंबर, दुपारी १.०५

चालेल, नक्की चालेल. तिला माझा निरोप दे आणि चर्चला यायची सक्ती सध्या कोणी करू नका, आईला हे तू समजावून सांग. मला संध्याकाळी सातनंतर वेळ असतो, रविवारी दुपारी तीनपासून. फोनवर संकोच वाटत असेल तर तिने नुसतं लिहिलं तरी मी उत्तर देईन. नागपूरला येणं होणार असेल तर दोघी या, घरी जेवायलाच या. आणि ती जेवते-झोपते का, याकडे लक्ष ठेव. जीव नकोसा झाल्यासारखं काही बोलली तर माझी वाट पाहू नका, लगेच डॉक्टरकडे न्या.